फक्त आकडा टाका

लुईस डाबरेच्या पहिल्या प्रोग्रॅमने चार आणि तीन मिळवून त्रेचाळीस केले, आणि लुईसने तो आकडा बायकोला मोठ्या ऐटीत दाखवला.

"एलिना मावशीकडची चार, शांतारामकडची तीन," कार्मिन कोळंबी सोलता सोलता म्हणाली, "त्रेचाळीस कशी झाली? मधल्या मधे कोण बाळंत झालं काय?"

लुईसने पुन्हा चालवून बघितला. पुन्हा त्रेचाळीस. त्याने लॅपटॉप मिटला आणि चूक विजेची असणार असं ठरवून टाकलं.

लुईस एकोणसाठ वर्षांचा. लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होता. हातात गेज घ्यायचं आणि मालाच्या भोकात घालून बघायचं. आत गेलं तर पास, नाही गेलं तर भंगार. जगात तिसरं काही असू शकतं यावर त्याचा विश्वास नव्हता. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने त्याने घरच तपासलं. भाकरी गोल नाही, दाराची कडी दोन मिलिमीटर खाली आहे, तुळशीसारखं दिसणारं हे झाड तुळस नाही. तिसऱ्या महिन्यात कार्मिनने त्याला सरळ सांगितलं, की एक तर तू कुठे तरी क्लास लाव, नाही तर मी माहेरी जाते. माहेर समोरच्या आळीत होतं, पण धमकी ती धमकीच.

म्हणून तो बोळिंजला, एका कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात कॉम्प्युटरची पायथन भाषा शिकायला जाऊ लागला. वर्गात बाकी सगळी विशीतली पोरं. लुईस डबा, पाण्याची बाटली आणि दोनशे पानी रेघांची वही घेऊन पहिल्या बाकावर बसायचा. शिकवणारी राधिका तेवीस वर्षांची होती आणि त्याला अंकल म्हणायची.

"अंकल, सिंपल आहे," त्रेचाळीसचं कोडं ऐकून ती म्हणाली. "युजर काय पण टाइप करू दे, पायथनला ती नुसती अक्षरंच वाटतात. त्याला स्ट्रिंग बोलतात. चार टाकला तरी तो चार नाय, चारचं चित्र आहे. चित्राला चित्र चिकटवलं की त्रेचाळीसच दिसणार ना? आधी त्याचा इंट करायचा, म्हणजे पूर्णांक. मग बेरीज. आणि युजरवर कधीच भरोसा नाय ठेवायचा."

हे शेवटचं वाक्य लुईसने वहीत लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलं. एकतीस वर्षं तो दुसरं काय करत होता?

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मुलीच्या लग्नासाठी. ब्रिटनीचं लग्न सतरा जानेवारीला होतं. हॉल तीनशे माणसांचा, त्यावर एक खुर्ची मिळणार नाही असं मालकाने बजावलं होतं, आणि जेवणवाल्याला बुधवारपर्यंत पक्का आकडा हवा होता. लुईसने जाहीर केलं की यादी, बेरीज, सगळं त्याचा प्रोग्रॅम करेल. पत्रिका द्यायला घरोघरी जायचंच आहे, तर लॅपटॉप बरोबर न्यायचा. घराचं नाव पडद्यावर येईल, खाली प्रश्न येईल, 'तुमच्या घरून किती माणसं येणार?' घरवाल्याने स्वतःच्या हाताने आकडा टाकायचा. वादच नको.

"गावात असं विचारत नाहीत," कार्मिन म्हणाली.

"मी कुठे विचारतोय? प्रोग्रॅम विचारतोय."

कार्मिनचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या गावात, गासमध्ये, लग्नाचं बोलावणं दोन जातींचं. एक घरटी. म्हणजे घरातून एकाने नाही तर दोघांनी यावं, तोंड दाखवावं, जेवून जावं. हे ओळखीपाळखीच्या लोकांना. दुसरं चूलबंद. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटायची नाही. म्हातारी, तान्हं पोर, आदल्या दिवशी टपकलेला पाहुणा, सगळी आमच्या मांडवात जेवणार. चूलबंद बोलावलं की आकडा विचारायचा नसतो. विचारला की ते बोलावणं खाली उतरलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली आणि दोघं स्कूटरवर निघाली. पुढे लुईस, मागे कार्मिन, तिच्या एका हातात पत्रिकांची पिशवी आणि मांडीवर लॅपटॉप. पहिलं घर एलिना मावशीचं. मावशीने चष्मा लावला, प्रश्न दोनदा वाचला आणि एका बोटाने शांतपणे टाइप केलं: सगळी. पडद्यावर लाल अक्षरांचा सडा पडला आणि प्रोग्रॅम मेला.

"मी काय केलं नाय हां," मावशी म्हणाली.

शांतारामने टाकलं, पाच-सहा. पुन्हा मेला. तिसऱ्या घरी ४ आलं, आपला मराठी चार, आणि लुईसने डोळेच मिटून घेतले. पण तो चार प्रोग्रॅमने मुकाट गिळला. पायथनला मराठी आकडा चालत होता, मराठी माणसाचं उत्तर तेवढं चालत नव्हतं. चौथ्या घरी एका म्हाताऱ्याने 'जगलो तर एक' असं टाकलं. त्यावर मात्र लुईसने स्कूटर चिंचेखाली लावली, सीटवर लॅपटॉप ठेवला आणि भर दुपारी दुरुस्ती केली. आता प्रोग्रॅम मरणार नव्हता. उत्तर आकड्यात नसेल तर तो म्हणणार होता, 'चुकीचं उत्तर. फक्त आकडा टाका.' आणि आकडा मिळेपर्यंत तेच विचारत राहणार होता. परत एलिना मावशीकडे गेले, तर मावशीने परत 'सगळी' टाकलं.

"चुकीचं उत्तर म्हणजे?" मावशी कडाडली. "माझ्या घरात कोण कोण हाय ते या डब्याला जास्त म्हाइत? कार्मिन, याला सांग, मी याच्या बापाच्या लग्नात पानी वाढलंय!"

कार्मिनने मावशीचं बोट धरून चार दाबला. पुढच्या वीस घरी तिने हेच केलं, आणि प्रत्येक घरातून बाहेर पडताना तिचा चेहरा आणखी लांब होत गेला. लुईसला त्याचं काही नव्हतं. गेज आत जात होतं, त्याचं काम झालं.

शेवटचं घर स्टॅनीचं. स्टॅनी म्हणजे लुईसचा थोरला भाऊ, आणि घर म्हणजे शेजारचंच. दोन घरांच्या मधे एक विहीर होती आणि सहा वर्षं.

सहा वर्षांपूर्वी स्टॅनीच्या मुलाचं, एरॉलचं लग्न झालं. पत्रिका आली ती कुणा पोरीच्या हाती, आणि कोपऱ्यात पेनाने लिहिलेलं होतं: घरटी दोन. सख्ख्या भावाला! एका विहिरीचं पाणी पिणाऱ्याला! लुईस त्या लग्नाला गेला नाही आणि का गेला नाही हे त्याने कुणाला सांगितलंही नाही. त्या दिवशी दार लावून तो घरात बसला, आणि पलीकडचा बँड पूर्ण ऐकला. तेव्हापासून बोलणं बंद. ब्रिटनीला सायकल शिकवली ती स्टॅनीने, तिच्या पहिल्या कम्युनियनचे बूट आणले ते स्टॅनीने. आता तिने एकच मागणं मागितलं होतं. पप्पा, काहीही कर, पण स्टॅनी काका पाहिजे.

स्टॅनी ओटीवर वालाच्या शेंगा मोडत बसला होता. कार्मिनने पत्रिका दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, बाजूला ठेवली. मग लुईसने तोंडातून चकार शब्द न काढता लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला.

स्टॅनीने वाचलं. हात लुंगीला पुसले आणि काहीही न लिहिता नुसतं एंटरचं बटण दाबलं.

चुकीचं उत्तर. फक्त आकडा टाका.

त्याने पुन्हा तेच केलं. चुकीचं उत्तर. तिसऱ्यांदा केलं. मग त्याने पडदा लुईसकडे वळवला, शेंगांचं सूप उचललं आणि आत गेला. त्याची बायको मार्था सरबत घेऊन आली, तर ओटीवर कार्मिन एकटी होती. लुईस स्कूटरला किक मारत होता, शेजारच्याच घरी जायला.

सोमवारी त्याने क्लासमध्ये विचारलं, की युजरने काहीच टाकलं नाही तर काय करायचं.

"ब्लँक ना? झिरो पकडा, अंकल," राधिका दुसऱ्याचा प्रोग्रॅम तपासता तपासता म्हणाली. "सगळे तेच करतात. एका ओळीचं काम आहे."

एका ओळीचंच काम होतं. संध्याकाळी त्याने ती ओळ घातली आणि बेरीज लावली. नवऱ्याकडची माणसं धरून दोनशे सत्त्याऐंशी. तीनशेच्या आत, तेरा खुर्च्या शिल्लक. त्याने बायकोला आणि मुलीला हाक मारली आणि लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

ब्रिटनीने खालपर्यंत यादी वाचली. "पप्पा, स्टॅनी काका शून्य?"

"हो."

"नाही येत म्हणाला?"

"तसं नाही म्हणाला."

"मग हे शून्य कोणी टाकलं?"

"प्रोग्रॅमने."

"आणि प्रोग्रॅम कोणी लिहिला?" कार्मिनने विचारलं.

लुईसने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. पोरगी आत गेली. तिने दार आपटलं असतं तर बरं झालं असतं, निदान दाराच्या कडीबद्दल तरी बोलता आलं असतं.

तो त्या शून्याकडे बघत बसला. भावाने शून्य टाकलं नव्हतं. भावाने जागा रिकामी सोडली होती, तीनदा, त्याच्या डोळ्यांसमोर. शून्य म्हणजे येणार नाही. रिकामं म्हणजे तू नीट विचारलंच नाहीस. आणि हे लुईसला कुणी शिकवायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी दार लावून बसला होता तेव्हा त्याने स्वतः तरी काय केलं होतं? तो नाही म्हणाला नव्हता. कुणी तरी येऊन पुन्हा विचारेल म्हणून बँड संपेपर्यंत कान दाराला लावून बसला होता. पलीकडे कुणी तरी त्याचं शून्य करून टाकलं. आता त्याने गावभर हिंडून, घरटी दोन लिहिणाऱ्या भावाला नावं ठेवणाऱ्या त्याच लुईस डाबरेने, एलिना मावशीपासून सख्ख्या भावापर्यंत सगळ्यांना एकच विचारलं होतं, आकडा टाका. त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी, की तो जेवला नाही, आणि कार्मिननेही आग्रह केला नाही.

मंगळवारी सकाळी तो विहिरीला वळसा घालून गेला. लॅपटॉप घरी होता. हात मोकळे असल्यामुळे ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

स्टॅनी ओटीवर पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली घेतला नाही.

"दादा," लुईस पायरीखालूनच म्हणाला, "सतरा तारखेला ब्रिटनीचं लग्न. चूलबंद."

 पेपरच्या मागून आवाज आला, "आकडा नको तुला?"

"नको."

"हॉलवाल्याला काय सांगशील?"

"बघू. मी उभा राहून जेवेन."

स्टॅनीने पेपरची घडी घातली, फार सावकाश घातली. "एरॉलच्या लग्नाला हॉल दोनशेचा होता," तो म्हणाला. "मालक रोज फोन करायचा, आकडा दे, आकडा दे. मी वेड्यासारखं सगळ्या गावाला दोन-दोन लिहीत सुटलो. तुझ्या पत्रिकेवर हात थांबला होता. मग म्हटलं लिहून टाकू. तू येशीलच भांडायला, मला दोन लिहितोस काय म्हणून. तेव्हा फाडू आणि दुसरी देऊ. मी दुसरी लिहून ठेवली होती, लुईस."

"मी यायला पाहिजे होतं भांडायला."

"आला नाय तू."

"नाही आलो," लुईस म्हणाला, आणि साठीला टेकलेल्या बापमाणसाने रडू नये असं त्याला वाटत असतानाच तो भावाच्या पायरीवर बसून रडला. स्टॅनीने त्याला उठवलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही, दुसरीकडे बघत नुसता बसून राहिला. हे दोघे भाऊ लहानपणापासून असेच होते.

मग स्टॅनी आत बघून ओरडला, "मार्था! सतरा जानेवारीला चूल पेटवायची नाय!"

"चूल कुठंय आपल्याकडं?" मार्था आतून ओरडली. "गॅस हाय!"

"मग गॅस पेटवू नको! आणि एरॉलला फोन लाव, म्हणावं पोराबाळांना घेऊन आदल्या दिवशीच ये!"