डेरेकसाहेबांचं शुक्रवारचं जेवण

माझ्या मुलीचं, निदाचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. त्याच साली डेरेक ऑर्मरॉड आमच्या फुटबॉल क्लबात मॅनेजर म्हणून आले. क्लब इथे आखातात, रिफा शहराकडचा, खालच्या डिव्हिजनमधला. मी तिथे ड्रायव्हर आणि माझा मुलगा यासीन साहेबांचा असिस्टंट. यासीन इथेच जन्मला, अरबी पाण्यासारखी बोलतो. साहेबांचं इंग्रजी तोच खेळाडूंना समजावायचा. त्याला कोचिंगची परीक्षा द्यायला लावली तीही साहेबांनीच.

साहेब साठीचे. गाडीत कायम पुढे, माझ्या शेजारी बसायचे आणि आपली हकीगत सांगायचे. उत्तर इंग्लंडातल्या गिरण्यांच्या गावात जन्म. चौदा वर्षं डावा बॅक म्हणून खेळले, मग गुडघा गेला आणि ते मॅनेजर झाले. पहिल्याच क्लबाला त्यांनी वरच्या डिव्हिजनमध्ये नेलं. त्यानंतरचा प्रत्येक क्लब आधीच्यापेक्षा लहान. आणि काढून टाकल्याची बातमी दर वेळी त्यांना सगळ्यांच्या शेवटी कळली. एकदा तर स्वतःच्या गाडीत, रेडिओवर.

"अली, हरलो की काढणारच," ते म्हणायचे. "पण कोणीतरी तोंडावर सांगावं. एकदा तरी."

"इंशाल्ला," मी म्हणायचो.

दुसऱ्या मोसमात टीम हरत गेली. एका गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या अध्यक्षांनी यासीनला बोलावून घेतलं. "साहेबांचं खलास. शनिवारची मॅच तू बघ. आणि तूच सांग त्यांना, तुझं इंग्रजी चांगलं आहे."

नेमके दुसऱ्या दिवशी जुम्म्याच्या नमाजानंतर साहेब नईम मोहल्ल्यातल्या आमच्या घरी जेवायला येणार होते. निदा पहिलं बाळ घेऊन रत्नागिरीहून आली होती, त्याची दावत.

"अब्बा, त्यांना आणायला जाल तेव्हा मीपण येतो. गाडीतच सांगतो," यासीन म्हणाला.

झोहरा, माझी बायको, भाकऱ्या थापत होती. तिने हात थांबवला. "म्हणजे दावतीला बोलावलेला माणूस दारातनं उपाशी परत धाडणार तू? माझे मामू वारले तेव्हा घरात पाहुणे जेवत होते. माझ्या आईने शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत तोंड उघडलं नाही. घास हातात असताना असलं सांगत नाहीत रे."

यासीनने माझ्याकडे पाहिलं.

"जेवल्यावर सांग," मी म्हणालो. खरं तर मलाही बरंच वाटलं. तेवढंच पुढे ढकललं गेलं.

साहेब खुशीत होते. बाळासाठी क्लबच्या रंगाचा इवलासा शर्ट आणला होता. बूट काढून जमिनीवरच्या दस्तरखानावर मांडी घालून बसायला गेले, गुडघा वळेना, तर पाय लांब करून म्हणाले, "झोहराभाभी, यल्ला, चला वाढा! सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय."

हामूर माशाचं कालवण होतं, मटण होतं, सांदणं होती. साहेबांनी चार सांदणं ताटात ओळीने मांडली. "ही माझी शनिवारची मागची फळी. आणि हा हामूरचा तुकडा आमचा कॅप्टन. पळत नाही, पण जागाही सोडत नाही." निदा हसली. तिला काही ठाऊक नव्हतं. यासीन भाकरीचा तोच तुकडा कालवणात बुडवत राहिला.

"तू का जेवत नाहीस? मॅचचं टेन्शन?" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अली, पुढच्या वर्षी मी नसलो तरी हा पोरगा टीम सांभाळेल. अध्यक्षांना मी तसं सांगून ठेवलंय."

झोहराने त्यांच्या ताटात आणखी मटण वाढलं. मी कालवण वाढलं. ते नको म्हणत होते आणि आम्ही वाढत होतो. ते जेवायचे थांबले की सांगावं लागणार होतं. माणसाला आग्रह करताना मान खाली जाते हे मी त्या दिवशी पाहिलं.

साहेबांचा फोन वाजला. मेसेज होता. मग लगेच दुसरा, तिसरा. त्यांनी चष्मा लावला.

"गोलकीपर लिहितोय, थँक यू कोच, तुम्हाला विसरणार नाही." त्यांनी यासीनकडे पाहिलं. "मी कुठे चाललोय?"

निदा सांदणाचं भांडं घेऊन आली, "साहेब, अजून एक?" आणि आमची तोंडं पाहून तशीच उभी राहिली.

"तुला कधी कळलं?" साहेबांनी यासीनला विचारलं.

"काल," यासीन म्हणाला.

"अली, तुलाही?"

मी होय म्हणून मान हलवली.

"आणि मला हे सगळं खायला घातलंत?"

झोहराला इंग्रजी येत नाही, पण तिला कळलं. "सांग त्यांना," ती यासीनला म्हणाली. "आमच्यात जेवणाऱ्याला वाईट खबर देत नाहीत. मीच अडवलं त्याला."

यासीनने सांगितलं. आपल्याच बचावाची गोष्ट त्याला आपल्याच तोंडाने सांगावी लागली. त्याचे कान लाल झाले होते.

"आमच्याकडे आधी सांगतात," साहेब म्हणाले. "भूक आहे की नाही ते मग ज्याचं तो ठरवतो." मग स्वतःच म्हणाले, "खोटं बोललो. आमच्याकडेही कोणी सांगत नाही. पण तुम्ही..."

ते भिंतीला धरून उठले, हात धुतले, झोहराला वाकून सलाम केला. यासीनला म्हणाले, "उद्या मागची फळी बदलू नकोस," आणि हात पुढे केला. यासीनचा हात खरकटा होता. तो पुसेपर्यंत साहेब बूट घालायला वळले होते.

त्यांना फ्लॅटवर सोडायला मी गाडी काढली. ते मागच्या सीटवर बसले. रिफ्यापर्यंत आरशात मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. उतरताना त्यांनी दार हलकेच लावलं.

शनिवारी यासीनने मागची फळी बदलली नाही. टीम जिंकली. लोक त्याला उचलून नाचले, आणि घरी येऊन तो आईशी एक शब्द न बोलता झोपला. टीम अजून त्याच्याकडेच आहे. साहेब आठवड्याभरात गेले. एअरपोर्टला टॅक्सीने गेले, मला बोलावलं नाही. ईदला यासीन मेसेज करायचा, त्यांचं उत्तर यायचं, सभ्य आणि दोन ओळींचं. माझ्याबद्दल त्यांनी विचारलं का, हे मी यासीनला कधी विचारलं नाही.

तिकडे ते गावातल्या एका हौशी टीमला शिकवत होते. डेरेक ऑर्मरॉड दोन हजार पंचवीस सालच्या फेब्रुवारीत, आपल्या गावातल्या इस्पितळात वारले.