माझ्या रेघेवरचा शुभ लाभ

मित्रांनो, शून्याच्या खाली काय आहे, हे पाहिलेले या जगात फार थोडे आहेत. मी पाहिले आहे. तिथे आइस्क्रीम असते.

मी एक जुना थर्मामीटर आहे. नारायणगावात चंपालालशेठच्या आइस्क्रीमच्या दुकानात, डीप फ्रीजरच्या छाताडावर माझा जन्म गेला. तार आत थंडीत, तोंड बाहेर गिऱ्हाइकाकडे. मला बसवणारा मेकॅनिक सुनील जाताना बजावून गेला, "शेठ, आकडा उणे अठराच्या वर जाऊ देऊ नका."

पहिल्याच उन्हाळ्यात कुणीतरी झाकण उघडे टाकले. मी उणे बारा दाखवले. शेठचा मुलगा कल्पेश, बी.कॉम., मला निरखून म्हणाला, "बारा म्हंजे अठराच्या खालीच की राव!"

मित्रांनो, उणे बारा हे उणे अठरापेक्षा मोठे असते. शून्याखाली जितके खोल जाल, तितका आकडा दिसायला थोर आणि किमतीने लहान. हे शाळेत शिकवतात. कल्पेशलाही शिकवले होते. त्या दिवशी कुल्फ्यांनी काड्या सोडल्या.

ते अज्ञान होते, मी गिळले. पण पुढे शेठना माझी आडवी रेघच खुपू लागली. "दुकानात शिरल्या शिरल्या वजा? आपण दुकान बंद केलं असं म्हणत न्हाई, वाढवलं म्हणतो. आन् हा बारा महिने वजा दाखवतोय!" असे म्हणून त्यांनी रेघेवर लाल 'शुभ लाभ' चिकटवले.

माझी सगळी अक्कल त्या रेघेत होती. आता उणे अठराही अठरा आणि अठराही अठरा.

यंदा जूनमध्ये ओतूरकडच्या साळुबाईने आमरसाचे डबे फ्रीजरमध्ये ठेवायला आणले. तिच्या बांधावरचा आंबा रस्ता रुंद करताना तुटला होता. त्या झाडाचा हा शेवटचा रस. मार्गशीर्षात नातीच्या साखरपुड्याला तिला तोच वाढायचा होता.

नेमके साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात, ऐन थंडीत, शेठचे कुटुंब लग्नासाठी राजस्थानला गेले. दुकान 'वाढवले'. मागे कॉम्प्रेसरने मान टाकली. मी उणे अठरावरून उणे दहा, उणे दोन, शून्य, मग दोन, दहा असा चढत गेलो. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा, आणि प्रत्येक आकडा म्हणजे माझी बोंब. ऐकायला रिकाम्या खुर्च्या. शेवटी अठरावर थांबलो, कारण बाहेरची हवाच तेवढी होती.

साखरपुड्याच्या आदल्या रात्री शेठ परतले, मला पाहून खूश झाले. "बघ कल्पेश, अठरावर सोडून गेलो, अठरावरच हाय! आन् मशीन कसं शांत झालंय."

साखरपुड्याच्या सकाळी साळुबाई आली. "शेठ, माजं डबं काढा. पावणं येतील आता."

झाकण उघडले आणि आंबूस भपकारा रस्त्यापर्यंत गेला. डबे फुगून टम्म झाले होते.

"अठराच हाय की, मावशी," कल्पेश माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"तुजं अठरा घाल चुलीत! हात घाल आत. गार तरी लागतंय का?"

कल्पेशने हात घातला आणि गुपचूप बाहेर काढला. "दुसरा देतो, मावशी. कंपनीचा, सीलबंद. पैसं नगंत."

"आन् झाड? त्ये कंच्या डब्यातनं देतोस?"

कल्पेशची बायको हर्षा पुढे आली. तिने नखाने स्टिकर खरवडला. खाली रेघ नव्हती. "पप्पा, हे साधं अठरा आहे. फ्रीजर कधीच बंद पडलाय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला वाटले, आता तरी.

शेठ म्हणाले, "मीटरच खराब निघाला."

मी! इतक्या वर्षांत मी एक अंशही खोटा बोललो नाही. तोंड दाबले यांनी, खोटारडा ठरलो मी. साळुबाई फुगलेले डबे पिशवीत भरून, एसटीला उभी राहायला निघून गेली. तिची माफी कुणी मागितली नाही. मला उपटून गल्ल्याखालच्या खणात टाकले. इथे सुतळी आहे, उदबत्तीचे पुडे आहेत, आणि त्या लाल स्टिकरांचा अख्खा गठ्ठा आहे.

मित्रांनो, एवढीच विनंती आहे. वजा दिसले की तोंड वाकडे करू नका, नीट वाचा. रेघ झाकल्याने फ्रीजरला काही फरक पडत नाही. साळुबाईला पडतो.

फ्रीजरवर नवा मीटर बसला आहे. त्याच्यावरचा शुभ लाभ मोठा आहे. आता आकडाही दिसत नाही.