चाकाखालची लिंबं

दिगंबरकाकांचा हात चालतो, हे टेक्सासच्या अर्विंगमधल्या निम्म्या मराठी घरांना ठाऊक होतं आणि उरलेल्या निम्म्यांना ठाऊक नसल्याचं नाटक छान जमत होतं. सुमित्राकाकूंच्या दंडावर निळं दिसलं की बायका म्हणायच्या, "जपा हो काकू, ओव्हनचं दार लागलं वाटतं." काकूही म्हणायच्या, "हो ना, मेलं ते दार!" झालं, विषय संपला. मग श्रीखंड किती घट्ट झालंय त्याच्या गप्पा. आपली माणसं अशा वेळी फार सभ्य होतात, काय सांगावं!

घरात काकूंना एक सोय होती. वॉशिंग मशीनच्या खोलीला आतून कडी होती. काकांचा पारा चढायला लागला की काकू आत जायच्या, कडी घालायच्या आणि मशीन सुरू करायच्या, आत कपडे असोत नसोत. बाहेरून दारावर लाथा बसायच्या, आत पाणी घुसळत राहायचं. काका दमले की काकू बाहेर यायच्या आणि कुकर लावायच्या. काकूंचा संसार कुंकवावर नाही, त्या कडीवर टिकला होता.

सत्त्याऐंशी साली काका रिटायर झाले आणि ट्रेलर घेऊन आले. पिकअपच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. पांढरंशुभ्र, आत पलंग, शेगडी, टेबल, टीचभर बाथरूम.

"हे घर भाड्याने देऊन टाकू," काका म्हणाले. "मार्चमध्ये निघायचं. ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, सगळी अमेरिका. परत यायची घाई नाही. आता जन्मभर तू नि मी."

काकू आत चढल्या त्या थेट बाथरूमपाशी गेल्या. तिथे दार नव्हतं. घडीचा प्लॅस्टिकचा पडदा होता, लोहचुंबकाला चिकटणारा. बोटाने ढकलला तरी उघडणारा. या डब्यात हा माणूस एक दिवस मला मारून टाकणार, असं त्यांना वाटलं. नुसतं वाटलं नाही, खात्रीच पटली.

शिकागोहून दीपा फोनवर म्हणाली, "आई, जस्ट डोंट गो. माझ्याकडे ये. आय मीन इट."

"अगं, असं कसं? काय सांगू त्यांना?"

"से नो."

लेकीला सोपं होतं. इंग्रजीत 'नो' म्हणायला वेळ लागत नाही.

मग सुरू झाली तयारी. घरापुढचा ड्राइव्हवे रस्त्यावरून गराजकडे उतरता होता. काका पिकअपमध्ये बसून ट्रेलर उलटा आत घ्यायचे आणि काकूंनी गराजच्या भिंतीपाशी उभं राहून खुणा करायच्या. दोन बोटं हलवली की 'या, या'. दोन्ही पंजे समोर उभे धरले की 'थांबा'. खुणा काकांनीच शिकवल्या होत्या. बघायचे मात्र नाहीत. बायकोने थांब म्हटलं की थांबायचं, म्हणजे काय! एकदा काकू पंजे धरून उभ्या असताना ट्रेलरने पन्हाळीचा पाइप चेपला. काका खाली उतरले आणि काकूंच्या मुस्काटात ठेवून दिली. "खूण उशिरा केलीस."

जोडणीही शिकवली. पिकअपच्या मागे लोखंडी गोळा असतो, ट्रेलरच्या दांड्याला पुढे वाटीसारखं तोंड. हँडल फिरवून दांडा वर घ्यायचा, गोळा खाली आला की वाटी त्यावर उतरवायची, खटका पाडायचा, खटक्यात पिन घालायची, शेवटी दोन्ही बाजूंच्या साखळ्या. "टेकलं म्हणजे बसलं नव्हे!" काका ओरडायचे आणि प्रत्येक शब्दाला डोक्यात एक टपली. पिकअप चालवायलाही त्यांनी असंच शिकवलं. छडी लागे छमछम हे आपल्याकडे मुलांसाठी म्हणतात, इथे साठीला टेकलेली बाई शिकत होती.

पण शिकल्या हो. काकांपेक्षा बऱ्या शिकल्या. जानेवारीत एकदा काकाच पिन विसरले. काकू सहज बोलून गेल्या, "अहो, पिन राहिली." काकांनी दांड्याचं हँडल उपसलं आणि त्यांच्या मनगटावर हाणलं. हाडाचा आवाज दोघांनीही ऐकला. डॉक्टरला सांगितलं, ट्रेलरच्या पायरीवरून पाय घसरला. त्या दिवशी काकू दोन गोष्टी शिकल्या. पिन कधी विसरायची नाही, आणि विसरली तर काकांना सांगायचं नाही.

निघण्याच्या दिवशी सकाळी पूजा होती. नवी गाडी घेतली की आपण हार घालतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. टेक्सासमध्ये राहिलो म्हणून काय झालं! जवळच्या प्लेनोहून ओळखीचे राजीव आणि सुलेखा आले होते, आणखी चार घरची माणसं होती. राजीवच्या गळ्यात कॅमेरा. काकांनी पाहुण्यांच्या गाड्या वळताना पाहून घाईघाईत ट्रेलर जोडला होता आणि चाकांना लाकडी ठोकळे लावून ते नवा झब्बा घालायला पळाले होते.

पूजेचं तबक घेऊन काकू दांड्याला कुंकू लावायला पुढे गेल्या. वाकल्या आणि तशाच राहिल्या.

वाटी गोळ्यावर नुसती टेकली होती. बसली नव्हती. खटका उघडा, पिन लोंबत होती, साखळ्या जमिनीवर पडल्या होत्या. दांड्याखालचं टेकूचं छोटं चाकसुद्धा वर घेतलेलं नव्हतं. एवढा मोठा ट्रेलर त्या उतारावर उभा होता तो फक्त ठोकळ्यांवर.

काका ट्रेलरच्या मागे होते, गराजच्या भिंतीकडे पाठ करून. मागच्या काचेवर कार्नेशनच्या फुलांचा हार चिकटवून फोटोसाठी उभे राहिले होते. "सुमित्रा, ठोकळे काढ आणि लिंबं ठेव! ठोकळे असताना चाक लिंबावर चढणार कसं?"

काकूंचं मनगट ठणकलं. तरी त्या गेल्या. चारचौघांत तरी ऐकतील, असं त्यांना वाटलं.

"अहो, जरा पुढे येऊन बघता का? ती पिन..."

चपराक इतक्या जोरात बसली की तबक उडून भिंतीवर आदळलं. कुंकू सगळ्यांच्या पायांवर सांडलं. निरांजन घरंगळत गेलं. इथे ओव्हनचं दार नव्हतं, त्यामुळे काय बोलावं हेच कुणाला सुचेना.

"काका!" सुलेखा कशीबशी म्हणाली.

"आमच्या घरातलं आहे हे, तू पडू नकोस मध्ये." काकांनी झब्बा नीट केला. "आणि तू, मला शिकवतेस? मुहूर्त टळतोय. सांगितलं तेवढं कर."

"तेवढंच करू?" काकूंनी विचारलं.

"तेवढंच!"

काकूंनी सांडलेली लिंबं उचलली आणि त्या पुढे गेल्या. त्यांना हवं असतं तर क्षणभरात हँडल फिरवून वाटी बसवता आली असती. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ओठ फुटून रक्त तोंडात आलं होतं, ते त्यांनी गिळलं. चाकांच्या मागच्या बाजूला खेटून लिंबं ठेवली. मग पदर खोचला, एका बाजूचे ठोकळे लाथेने उडवले आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूचेही उडवले.

लिंबं फुटली. शकुन झाला म्हणायचा! वाटी गोळ्यावरून ठणकन सुटली आणि ट्रेलर निघाला. काकूंचे दोन्ही पंजे आपोआप वर गेले, थांबा, थांबा. पण ते बघायचं कुणी? काका कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. राजीव किंचाळून बाजूला झाला. ट्रेलरने काकांना भिंतीवर घेतलं आणि मांड्यांपाशी चेचलं. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मग काका ओरडले. अशी किंकाळी त्या गल्लीने पूर्वी ऐकली नव्हती. त्या घरातून यायचे ते आवाज दबलेले असायचे.

पुरुष धावले, ट्रेलर ढकलू लागले. टीचभर वर जायचा आणि पुन्हा खाली यायचा, आणि खाली आला की काका पुन्हा ओरडायचे. पांढरा झब्बा कमरेखाली लाल झाला होता. सुलेखा आत जाऊन ॲम्ब्युलन्सला फोन करत होती. "जोडून ओढायला पाहिजे!" राजीव ओरडला. "कुणाला येतं? एनीबडी?"

"मला येतं," काकू म्हणाल्या.

त्या पिकअपमध्ये चढल्या. आरशात बघत गाडी मागे घेतली, अलगद, दांड्याच्या रेषेत. उतरल्या, हँडल फिरवलं. एकेका फेऱ्याला ट्रेलर थरथरत होता आणि पलीकडे काका गुरासारखे हंबरत होते. काकूंचे हात थांबले नाहीत. पुन्हा चढून गाडी हातभर मागे घेतली, गोळा वाटीखाली आणला, वाटी उतरवली, टेकली, मग बसली. खटका पाडला. पिन घातली. साखळी उचलली.

"काकू, साखळी राहू दे! लवकर!" राजीव रडत होता.

"नाही. राहिली की मार बसतो."

दोन्ही साखळ्या अडकवून, छोटं चाक वर घेऊनच त्या चढल्या आणि ट्रेलर पुढे ओढला. भिंतीपाशी काका पोत्यासारखे कोसळले. काकूंनी ब्रेक लावला, खाली उतरून ठोकळे शोधले आणि चाकांना घट्ट लावले. मग त्या ट्रेलरच्या पायरीवर बसल्या.

"ॲक्सिडेंट होता काकू," सुलेखा त्यांना धरून म्हणाली.

"मी बघितलं होतं गं. बसलेलं नव्हतं ते. आणि मी ठोकळे काढले."

सुलेखाचा चेहरा उतरला. तिने काकूंच्या फुटलेल्या ओठाकडे पाहिलं, मग त्या वाकड्या जुळलेल्या मनगटाकडे. "तुम्ही सांगायला गेला होतात," ती सावकाश म्हणाली. "त्यावर काय झालं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. विचारलं तर सांगूच. या वेळी सांगू."

ॲम्ब्युलन्स आली. काकांना स्ट्रेचरवर बांधलं. जीव वाचेल, म्हणाले. पायांचं सांगता येत नाही, म्हणाले. बरोबर एकालाच येता येईल, वाइफ कोण? काकांचे डोळे उघडे होते. त्यांनी चादरीबाहेर हात काढला आणि काकूंकडे बघून दोन बोटं हलवली. ये, ये.

काकू उठल्या. सगळ्यांनी त्यांना वाट करून दिली. दाराशी जाऊन त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही पंजे समोर उभे धरले, अगदी शिकवल्यासारखे.

काकांनी ती खूण बघितली. आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितली. बोटं हवेतच थांबली.

"राजीव, तू जा त्यांच्याबरोबर," काकू म्हणाल्या आणि दीपाला फोन करायला आत गेल्या. वॉशिंग मशीनच्या खोलीचं दार उघडं होतं. जाता जाता त्यांनी ते तसंच राहू दिलं.