नाकिज्वा खड्ड्यातून उठत नाही

आम्हा चाग्गा जमातीच्या लोकांच्या मयताला पारे जमातीचं एक तरी माणूस थट्टा करायला येतंच. वाडवडिलांपासूनचं नातं आहे ते. ते आम्हाला पैशाची पिशाच्चं म्हणतात, आम्ही त्यांना कोर्टाचे किडे म्हणतो. यावर जो रागावेल त्याची गावात छी थू होते.

माझा नवरा न्देकिर्वा गेला तेव्हा मात्र मला थट्टा नको होती. थोरल्या दिराने, एलिफासीने, सकाळीच मला बाजूला घेतलं होतं. "आइकांडे, चाळिसावा दिवस झाला की मुलींना घेऊन माहेरी जा. बाग कुळाची आहे. तुला मुलगा नाही." बावीस वर्षं त्या बागेतली केळी मी वाढवली, कॉफी मी वेचली. तरी मी 'बरं' म्हणून मयताच्या कामाला लागले. स्वतःचीच चीड येत होती मला.

केळींच्या मध्ये खड्डा तयार होता. पेटी आणली तर खड्ड्यात नाकिज्वा आडवी पडलेली. ही बाजारात आलं विकणारी पारे म्हातारी. न्देकिर्वाचं आणि तिचं वीस वर्षं रोजचं थट्टेचं भांडण होतं.

"जागा भरली," ती आतून म्हणाली. "दुसरीकडे बघा."

लोक हसले. तिच्या हातावर काही ठेवलं की ती उठणार, असा रिवाज. एलिफासीने नोट पुढे केली.

"बघा, चाग्गा तो चाग्गाच. भावाच्या खड्ड्यातसुद्धा नोटच टाकतो."

"बरं, बकरी देतो. ऊठ म्हातारे."

"बकरीच्या खटल्यापायी गाय विकणारी माणसं आम्ही. मला निकाल हवा. सकाळचं तुझं बोलणं केळींआडून ऐकलंय मी. ही बाग कोणाची?"

हसणं थांबलं.

"ते आमच्या घरातलं आहे," एलिफासी म्हणाला.

"मग मी कुठे परकी? तुमच्याच घरात झोपलेय. बाग आइकांडेची आणि तिच्या मुलींची, एवढं म्हण. न्देकिर्वा आत, मी बाहेर."

"ओढून काढा रे हिला!"

कोणी जागचं हललं नाही. कुळातले सगळ्यात थोरले तेशा आजोबा काठी टेकत पुढे आले. "तुझ्या बापाच्या मयताला हिच्या बापाने अर्धा दिवस पेटी अडवली होती. आम्ही हसत होतो. तुला राग येतो, म्हणजे म्हातारीने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. उद्या तू गेलास तर एक पारे फिरकणार नाही. पुरतील तुला मुकाट."

एलिफासीने चौफेर पाहिलं. त्याचे स्वतःचे मुलगे मान खाली घालून उभे होते.

"तिचीच," तो पुटपुटला.

"मोठ्याने. कानात माती गेलीय माझ्या."

"बाग आइकांडेची आणि तिच्या मुलींची!"

खालच्या वस्तीपर्यंत ऐकू गेलं असेल. हद्दीवर लावतात त्या झाडाची फांदी आजोबांनी त्याच्या हातात दिली. ती रोवली की चाग्गा माणसाला शब्द फिरवता येत नाही. एलिफासीने ती बांधावर रोवली.

नाकिज्वाला हात देऊन मीच वर ओढलं. "कोर्टाचा किडा," मी म्हणाले. नवऱ्याच्या मयतात मी हसत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

"वकिलाची फी काढ आता," ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली.

मग पेटी खाली गेली. मी मूठभर माती उचलून न्देकिर्वावर टाकली. माझ्या बागेतली माती होती ती.