एकही छत्री उघडली नाही

कुरिया मुलुखात डिसेंबर म्हणजे मुलींच्या सुंतेचा महिना. कापलेल्या मुलीला रंगीत छत्रीखाली मिरवत घरी आणायचं, नातलगांनी भेटी द्यायच्या, आणि बारा-तेरा वर्षांच्या त्या पोरीचं दप्तर त्याच दिवशी कायमचं खुंटीला लागायचं. पुढे लग्न. हे थांबवायचा वेगेसा बाईंनी चंग बांधला होता. सोबतीला शाळेत पेज रांधणारी मुगोसी, त्यांची जिवाभावाची मैत्रीण. दारोदार जाऊन बाई शास्त्र सांगायच्या, मुगोसी बायकांना हसवायची. आणि बायका ऐकायच्या त्या मुगोसीचं.

या डिसेंबरात एकही छत्री उघडली नाही. सातवीच्या साऱ्या मुली जानेवारीत वर्गात हजर. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. शनिवारी बाजारात सभा घ्यायची टूम मुगोसीनेच काढली. मुखिया आला, पोलीस आले, गाव लोटलं. बाई भोंग्यावरून तासभर बोलल्या. गाणी म्हणताना मुगोसीचा आवाज सगळ्यांच्या वर.

सोमवारी मधल्या सुट्टीची घंटा झाली तशी पहिलीची पोरं पेजेसाठी धावली. मुगोसीची सात वर्षांची रोबी तेवढी बाकावर एका अंगावर कलून बसली होती. बाईंनी तिला उठायला सांगितलं. ती उठली, आणि बाईंना पुढे काही विचारावं लागलं नाही. एकेकाळी त्याही तशाच उठल्या होत्या.

त्या तडक चुलीपाशी गेल्या.

"आज तरी पोरीला घरी ठेवायचीस."

"ठेवली असती तर तू विचारपूस करायला आली असतीस." मुगोसी पेज ढवळतच राहिली. "मोठेपणी कापलं की शाळा सुटते, हे तूच सांगायचीस ना? म्हणून आत्ताच उरकलं. माझ्या आईने नेलं तिला टेकडीमागे. ना छत्री, ना गाजावाजा. आता शिकू दे हवं तेवढं."

"शनिवारी?"

"सगळे तुझ्या सभेला होते. रान मोकळं होतं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पाच वर्षं एका ताटात जेवलेली मैत्रीण ही. बाईंना संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. पण पोरीला आधी दवाखान्यात न्यायला हवं होतं. वर्गात परतून त्यांनी रोबीला अलगद दोन्ही हातांवर उचललं.

"फार दुखलं का गं?"

"मी रडले नाही, बाई. तिथे भोंग्यातून तुमचा आवाज येत होता. आजी म्हणाली, बाईंचं ऐकत राहा, म्हणजे दुखणार नाही."