बटाट्याचे बैल कोरणारा चाकू

मित्रांनो, चाकू म्हटल्यावर लगेच मागे सरू नका. मी आता कोणाला कापायच्या लायकीचा राहिलेलो नाही. टोमॅटो माझ्याखाली आधी दबतो, मग फाटतो. पण एके काळी माझ्याच पात्यातून फुलं, पानं आणि बैल निघत होते. ती गोष्ट मला कोणाला तरी सांगायचीच आहे.

मी जन्मलो आर्वीच्या बाजारात, एका लोहाराच्या पालावर. लोखंड कापायच्या करवतीचं तुटलेलं पातं त्याने घासलं, धार लावली आणि मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. दिसायला मी यथातथाच. शोभाबाईंनी मला उचललं, अंगठ्यावर धार पाहिली आणि पिशवीत टाकलं. बाजारातल्या चकचकीत चाकूंना सोडून त्यांनी मला घेतलं, याचा मला बरेच दिवस ताठा होता.

शोभाबाई रोहण्याजवळच्या एका लहान गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या. मुलं चाळीस. शाळेचा चाकू बोथट, म्हणून त्या मला रोज घरून नेत. कांदे, बटाटे, कधी कोबी, हेच माझं काम. मग शाळेत सुमीत सर आले. शनिवारी दप्तर नसतं, तर मुलांना भाज्यांचे ठसे करायला शिकवू, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी स्वतः एक बटाटा कापून चांदणी कोरायला घेतली. ती चांदणी काही केल्या चांदणी होईना. शोभाबाई दारातून पाहत होत्या.

"सर, द्या इकडं. तुमच्यानं बोट कापून जाईन," त्या म्हणाल्या.

त्यांनी पालकाच्या जुडीचं बूड एका फटक्यात कापलं, लाल रंगात बुडवलं आणि कागदावर ठेवलं. कागदावर गुलाब उमटला. भेंडीच्या देठाचं फूल झालं, कारल्याच्या चकतीचं कातरलेलं चाक झालं. मुलं ओरडायचीच विसरली. त्या दिवसापासून शनिवार शोभामावशीचा झाला आणि मावशीच्या हातातल्या माझाही. "मावशीचा चाकू शहाणा हाय," असं एक पोरगं म्हणालं होतं. मी ते विसरलो नाही.

ठशांसाठी शोभाबाईंनी खाण्याजोगी भाजी कधी घेतली नाही. देठ, बुडखे, किडके बटाटे, एवढंच. अन्न वाया गेलेलं त्यांना बघवत नसे. मुलांच्या तोंडी तर त्यांचं एकच वाक्य बसलं होतं: "चांगलं हाय ते मातीत नोको, धुऊन परातीत टाकजो." हे सगळ्यात मनावर घेतलं होतं अंजूने. अंजू दुसरीत होती, किराणावाल्या नानाजींची नात. खाली पडलेला वाटाणाही ती नळावर धुऊन आणायची.

तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा लाकडी बैलांचा पोळा, जवळ आला होता. सरांना शाळेच्या भिंतीवर बैलांची रांग हवी होती. शोभाबाईंनी किडका भाग काढून टाकला आणि उरलेल्या बटाट्यांवर माझ्या टोकाने सहा बैल कोरले. शिंगं, वशिंड, शेपटी, सगळं. निळ्या आणि लाल रंगात भिंतीवरचा कागद भरून गेला. इतका आनंदाचा दिवस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

शोभाबाई चुलीकडे वळल्या. मी परातीच्या कडेला पडलो होतो. परातीत पाणी, पाण्यात खिचडीचे कापलेले बटाटे. तेवढ्यात अंजू आली. तिच्या हातात ते सहा बैल होते, नळावर घासून घासून धुतलेले. तिने ते एकेक करून परातीत सोडले आणि फ्रॉकला हात पुसत पळाली. मी सगळं पाहिलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या क्षणी ओरडलो असतो. शोभाबाई घाईत आल्या, धुराने त्यांचे डोळे चुरचुरत होते. त्यांनी परात उचलली आणि पाणी निथळून पातेल्यात उलटी केली.

वाढताना पळीत निळा बैल आला. मग खिचडीत निळे आणि लाल डाग दिसायला लागले. चार मुलं जेवायला लागलीही होती. त्यातल्या दोघांना भीतीनेच उलटी झाली. त्या चौघांना ऑटोत घालून आर्वीला दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत चौघंही हसत परत आली, पण तोवर गाव शाळेत गोळा झालं होतं. अंजू शोभाबाईंच्या पदराशी उभी होती. फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू ती म्हणाली, "मावशी, मी धुतलते ना."

शोभाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीची बैठक झाली. सगळ्यात जास्त आवाज नानाजींचा. "लेकराईले रंग चारला या बाईनं. उद्या काई झालं असतं तं?" त्यांचं रागावणं खोटं नव्हतं. त्यांचीही नात त्याच पंगतीत जेवते. मोठ्या गुरुजींनी विचारलं, "शोभाबाई, रंगाचे बटाटे खिचडीत कोणी टाकले?"

एक नाव घेतलं असतं तर नानाजींची मान खाली गेली असती. मी शोभाबाईंच्या पिशवीत होतो. पिशवी त्यांनी घट्ट धरली होती.

"माह्याच हातानं गेले," त्या म्हणाल्या. तेही खोटं नव्हतं.

मी सुमीत सरांच्या आवाजाची वाट पाहत होतो. ठशांचा तास त्यांचा होता, बैल त्यांनीच मागितले होते. ते नोकरीत नवीन होते. ते काही बोलले नाहीत. शोभाबाईंचं काम गेलं आणि शाळेत भाज्यांचे ठसे बंद झाले.

त्यानंतर शोभाबाई लोकांच्या वावरात तण निंदायला जायला लागल्या, हंगामात कापूस वेचायला. चौकातून जाताना बाया कुजबुजत, "हेच ते रंगवाली." मला कोणी धार लावली नाही. एकदा पालक कापताना जुडीचं बूड त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते थोडा वेळ धरून ठेवलं आणि शेळीपुढे टाकलं. मला फार वाईट वाटलं.

अडीच-पावणेतीन वर्षं गेली. चौथी संपली आणि अंजूचं नाव आर्वीच्या शाळेत घातलं. जायच्या आधी, एका दुपारी, ती आमच्या दारात आली. उंच झाली होती. शोभाबाई कांदा चिरत होत्या.

"मावशी, ते बटाटे मीच टाकलते. तेव्हा मले समजलं नाई. मंग समजलं, तं भेव वाटलं. मी आज आजोबाले सांगते, गुरुजीले बी सांगते."

शोभाबाईंनी मला खाली ठेवलं.

"कायले सांगतं आता? तिथं दुसरी बाई लागली. जयवंता. तिचा मालक खाटेवर हाय, दोन लेकरं हायत. तू सांगशीन, मले परत बोलावतीन, मंग तिनं कुठं जावं?"

अंजू रडायला लागली. शोभाबाईंनी तिचे डोळे पुसले, पण हाताला कांदा होता, त्यामुळे ती आणखीच रडली. मग त्या तिला नळावर घेऊन गेल्या.

मित्रांनो, मला धार लावा, पुसून ठेवा, असं मी मागणार नाही. मी लोखंड आहे, गंजेन आणि संपेन. तुम्ही मात्र एवढं करा. हातून काही चुकलं आणि त्याचा बोल दुसऱ्याला लागत असेल, तर त्याच दिवशी, रडत का होईना, सांगून टाका. अंजूने खरं सांगितलं. पण तोवर त्या खऱ्याने शोभाबाईंची चूल पेटवायची, तर जयवंताची विझवावी लागणार होती.