क्लेमांसच्या चादरीचं तिसरं अक्षर

मी एक जुनी चादर आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या पलंगावरच्या त्या कार्टूनवाल्या चादरीला दोन धुण्यांत गोळे येतात, माझ्या अंगावर शंभर वर्षांत एक दाखवा. मी लिननची. ज्या जवसाची तुमच्याकडे चटणी करतात ना, त्याच्याच काडीच्या धाग्याची. शाळेचं तोंड मी कधी पाहिलं नाही. मला दोनच अक्षरं येतात, सी आणि एल, तीही माझ्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने भरलेली आहेत म्हणून.

ती भरली क्लेमांसने. स्वतःच्या नावाची. फ्रान्समधल्या एका खेड्यातली ही पोर लग्नाआधी रुखवताच्या चादरी शिवत बसायची. पुढे एका अमेरिकन शिपायाशी तिचं लग्न झालं आणि मला पेटीत घालून ती बोटीने मिशिगनला आली. नवरा डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात. हिला भाषा येईना, शेजारणी हसायच्या. मग दार लावून माझ्यात तोंड खुपसून रडायची आणि थोड्या वेळाने मलाच धुऊन वाळत घालायची. तिची बाळंतपणं माझ्यावर झाली, तापाने फणफणलेली पोरं माझ्यावर निजली. मी मधे विरले तेव्हा तिने मला उभं कापलं, धडधाकट कडा मधे घेतल्या आणि पुन्हा शिवलं. काय ऐट होती तेव्हा माझी.

क्लेमांस गेली आणि माझे हाल सुरू झाले. हाल म्हणजे कौतुक. तिच्या लेकीने मला पातळ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवलं. नात मार्गो तर मला हातमोजे घालून उचलायची, जशी काही मला खरूजच झाली होती. पाहुण्यांनी 'वॉव' म्हणायचं आणि झाकण बंद. पुढे स्वतःच्या लेकीच्या, क्लेअरच्या लग्नात मला देताना मार्गोने बजावलं, "हिला काही होऊ देऊ नकोस. क्लेमांसचं आपल्याकडे एवढंच उरलंय."

क्लेअर आणि तिचा नवरा देवांग डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात राहतात. त्यांना मुलगी झाली, अबोली. बाळंतपणाला देवांगची आई, मीनाक्षीताई, अकोल्याहून आल्या. दुकानातून आणलेली ढीगभर दुपटी त्यांनी बोटांत चुरगाळून पाहिली. सगळी कोरी, कडक. तान्ह्या बाळाला जुनंच कापड घालायचं, घरातल्या माणसांनी वापरून मऊ केलेलं, ही त्यांच्याकडची रीत. जुनं काही शोधताना कपाटात त्यांना मी सापडले. त्यांनी मला गालाला लावलं. मित्रांनो, किती वर्षांनी कुणाचा गाल. मी विरघळलेच. आणि पुढच्या क्षणी बाईंनी कडेला दात लावला आणि चर्रकन मला उभं फाडलं.

क्लेअर दारातच उभी होती.

"आई, अगं काय केलंस हे?" देवांग धावत आला. "तिच्या पणजीची आहे ती. एअरलूम आहे, आई, पिढ्यानपिढ्या जपलेली."

"अरे, जुनी दिसली म्हणूनच घेतली." मीनाक्षीताई म्हणाल्या. "नवी कशाला फाडू मी?"

क्लेअर दोन्ही तुकडे उचलून बाळाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. फाटल्याचं मला काही वाटलं नाही. क्लेमांसनेही मला कापलंच होतं. पण आता मला नवं खोकं मिळणार आणि या दोघींचं बोलणं कायमचं तुटणार, या भीतीने मी गारठले.

एवढ्यात अबोली रडू लागली. काही केल्या थांबेना. क्लेअरने तिचं नवं दुपटं सोडलं, माझ्याकडे पाहिलं, स्वतःचं नाक पुसलं आणि माझ्या अर्ध्या तुकड्यात लेकीला गुंडाळलं. पोरगी एक उसासा टाकून झोपली.

रविवारी मार्गो आली. सगळं ऐकून म्हणाली, "एकच गोष्ट सांभाळायला दिली होती तुला." मग अबोलीचं आणि माझं गाठोडं तिने मांडीवर घेतलं. हातमोजे नव्हते. आणि अबोलीने नेमकं तेव्हाच आपलं काम उरकलं. माझ्यातून थेट मार्गोच्या रेशमी स्कर्टवर.

"शू केली वाटतं," मीनाक्षीताई हळूच म्हणाल्या. देवांगने भाषांतर केलं नाही. गरजच नव्हती.

मार्गो आधी हसली, मग डोळे पुसत बसली. "क्लेमांसने हिच्यावर सगळी मुलं वाढवली," ती म्हणाली, "आणि मी हिला कधी उघड्या हाताने धरलं नाही."

क्लेअर मीनाक्षीताईंकडे वळली आणि शिकलेल्या तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली, "आई, पुढच्या वेळी विचारा."

"विचारेन गं बाई. आता तुझा टॉवेलसुद्धा विचारून घेईन."

मीनाक्षीताईंनी माझ्या फाटक्या कडा दुमडून शिवल्या. सी आणि एलच्या शेजारी त्यांनी पेन्सिलने अबोलीचा 'अ' काढून दिला आणि क्लेअरने तो लाल दोऱ्याने भरला. लिपी येत नाही बिचारीला, म्हणून त्याचा पाय जरा वाकडा गेलाय. चालतंय.

तेव्हा मित्रांनो, पणजीची एखादी वस्तू तुमच्या घरात असेल तर तिला खोक्यात कोंडू नका, हाताशी ठेवा. पण कात्री लावण्याआधी जिची आहे तिला विचारा. आणि मला धुताना उकळतं पाणी ओतू नका, म्हातारी आहे मी. मला आता तीन अक्षरं येतात. तिसरं बहुतेक वेळा ओलंच असतं.